बांधावर काढलेली जोडवी

कारेगावात एक कुजबुज बरीच वर्षं चालली. रंगुबाई दुसऱ्याच्या रानात हरवलेली वस्तू शोधायला जाते, तेव्हा आधी बांधावर बसते. पायातली जोडवी काढते, गळ्यातलं काढते, दोन्ही नवऱ्याच्या हातात देते आणि मगच रानात पाऊल टाकते. हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण पाहून थांबेल तर ते आमचं गाव कसलं! असं ठरलं, की ही बाई भूमीशी सौदा करते. सवाष्णपण बांधावर उतरवून ठेवते आणि भूमीला म्हणते, 'तू वस्तू दे, बदल्यात माझ्या धन्याच्या आयुष्यातलं थोडं घे.' भूमी घेते. वस्तू सापडते.

हसू नका. पुरावा होता. पुरावा म्हणजे खुद्द तिचा नवरा रोहिदास. लग्नात ह्याला घोड्यावर बसवला तेव्हा लोकांना घोड्याची दया आली होती, असा भरलेला गडी. आणि बायकोनं हे वस्तू शोधायचं काम हातात घेतल्यापासून वाळत चाललेला. कुशाबाईचं डोरलं सापडलं, रोहिदासच्या पँटीला पट्टा आला. वरच्या आळीतल्या सम्राटच्या बायकोची नथ सापडली, पट्ट्याला नवं भोक पडलं. मेथीच्या वाफ्यात कुणाची कानातली सापडली, त्या आठवड्यात तर रोहिदासचा शर्ट दोरीवर वाळत घातल्यासारखा त्याच्या खांद्यांवर लोंबत होता. यापुढे आणखी काय पाहिजे?

ही कुजबुज ज्या तोंडातून निघाली ते तोंड मला ठाऊक आहे, तुम्हालाही कळेल. आधी रंगुबाई कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हीही कारेगावकरांसारखे मधूनच ऐकून घरी जाल.

रंगुबाई केडगावकडची. बापाची झेंडू-शेवंतीची शेती. आजीचं नाव नातीला ठेवलं म्हणून ह्या काळात रंगुबाई. तिच्या बरोबरीच्या सगळ्या सुनीता आणि अनिता. नाव जुनं, नजर मात्र एकदम ताजी. लग्न होऊन कारेगावला आली. रोहिदास रांजणगावच्या एमआयडीसीत लागलेला होता, मग हीही लागली, एका मसाल्याच्या कंपनीत. तिथं पाकिटं पट्ट्यावरून सरकत जातात आणि एका चौकोनी कमानीतून पलीकडं जातात. पाकिटात चुकून लोखंडाचा कण असला, तर कमान ओरडते आणि पट्टा थांबतो. त्या कमानीपाशी रंगुबाईची जागा होती.

पहिल्या आठवड्यात ओल्या चटणीचा माल लागला आणि कमान प्रत्येक पाकिटाला ओरडू लागली. पाकिटं फोडून पाहिली. लोखंड नाही, तार नाही, काही नाही. बाकीच्या बाया म्हणाल्या, मशीन येडं झालं. लाइनवरचा मेंटेनन्सवाला बिहारचा होता, शांत माणूस. तो म्हणाला, "भाभी, मशीन पागल नहीं है. उसको नमक और पानी भी लोहे जैसा लगता है. पहले उसको अच्छा माल दिखाओ. बोलो, इस पर मत चिल्लाना. फिर लोहा पूछो."

चांगलं पाकीट कमानीतून पुन्हापुन्हा काढायचं, आत आकडा जुळवायचा. मशीनला खाऱ्या-ओल्याची ओळख पटली की ते गप्प बसतं. मग त्याच्याखाली खरंच लोखंड गेलं तर तेवढंच बोलतं. रंगुबाईला हे इतकं आवडलं की घरी येऊन तिनं रोहिदासला रात्रीच्या जेवणात तेच वाढलं. "आधी कशावर बोलायचं न्हाई ते शिकवायचं, मंग कशावर बोलायचं ते. आपल्या गावातल्या बायांना आसं एकदा कमानीतनं काढलं पायजे."

पुढं तो मेंटेनन्सवाला मुलुखाला परत निघाला. त्याच्या बायकोचं बाळंतपण रंगुबाईनं स्वतःच्या बहिणीसारखं काढलं होतं. जाताना तो एक लांब गुंडाळी तिच्या ओट्यावर ठेवून गेला. आत हातात धरायचं धातू शोधायचं मशीन. एक दांडा, दांड्याच्या टोकाला भाकरीच्या थाळीएवढी चकती, वर दोन बटणांचा डबा आणि कानाला लावायचा हेडफोन. कुठल्या साइटवर गाडलेले पाइप शोधायला वापरलेलं होतं. जाताना म्हणाला, "मिट्टी भी चटनी जैसी है, भाभी. पहले चखाओ."

रंगुबाईनं परसात सराव केला. चकती जमिनीवरून गुडघ्यापर्यंत वर न्यायची, पुन्हा खाली आणायची, वर, खाली, आणि दुसऱ्या हातानं बटण फिरवत राहायचं. चकती जमिनीजवळ आली की आवाज वाढतो, लांब गेली की पडतो. बटण अशा ठिकाणी आणायचं की वर काय नि खाली काय, गुणगुण एकसारखी राहिली पाहिजे. म्हणजे मशीननं माती ओळखली. ह्याला ती 'माती जुळवणं' म्हणते. आणि आपल्याकडं माती एक नाही. काळ्या रानात जुळवलं की मुरमाच्या पट्टीत बिनसतं, चुनखडीत तिसरंच. घोडनदीच्या काठावरचा गाळ तर दोन पावलांवर तऱ्हा बदलतो. प्रत्येक ठिकाणी नव्यानं जुळवायचं. सोयरीक जुळवावी तसं, घाई केली की पुढं जन्मभर कटकट.

दुसरं बटण गेनचं. आता आवाजाचं बटण वेगळं, ते हेडफोनला असतं. मशीननं तुम्हाला किती मोठ्यानं सांगायचं एवढंच ते ठरवतं. गेन म्हणजे मशीननं जमिनीला किती बारीक कान लावायचा. ज्याला त्याला वाटतं, गेन पूर्ण चढवला म्हणजे खोलवरचं सापडेल. पण चढवला की मशीन दगडावर बोलतं, मातीवर बोलतं, विजेच्या तारेवर बोलतं, आणि त्या कलकलाटात खरी वस्तू असेल तर ती बिचारी तोंड उघडून बसते, ऐकणार कोण? रंगुबाई गेन उतरवते. थोडं कमी खोल, पण जे बोलेल ते खरं बोलेल. ह्याचा तिला असा अभिमान, की कुणी "गेन वाढव" म्हटलं की तिच्या नाकपुड्या फुगतात.

पहिलं काम आलं ते कुशाबाईचंच. कुशाबाई म्हणजे रंगुबाईच्या घरासमोरची. झेंडू तोडताना गळ्यातलं डोरलं कधी सुटलं, पत्ता नाही. घरात सुतक पडल्यासारखी कळा. रंगुबाई गेली, बांधावर बसली, जोडवी-बिडवी काढून रोहिदासच्या हातात दिली, वाफ्यात उतरली आणि चहा व्हायच्या आत डोरलं काढून दिलं. कुशाबाई रडली, रंगुबाईवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, "माझी बाई ती!" म्हणाली. आणि घरी जाताना गिरणीवर थांबली. दळण होईपर्यंत बातमीही बारीक दळून तयार होती.

हीच ती कुजबुज. आता तुम्ही म्हणाल, कुणी रंगुबाईला विचारलं नाही का? विचारायला काय जातं? जातं ना! विचारलं की बातमी संपते.

रंगुबाईच्या कानावर सगळं होतं. रोहिदास कळवळून म्हणायचा, "आगं, सांगून टाक की येकदाचं."

"कुणी इचारलंय? न इचारता उत्तरं वाटत फिरू व्हय मी, परसादावानी?"

"लोक मला बघून च्यक च्यक करत्यात गं. काल न्हाव्यानं दाढी केली आन् वर पाठीवरनं हात फिरवला."

"मंग चांगलंय की. दाढी नीट झाली का न्हाई?"

अशी ती. रोहिदासला मात्र तिचा एवढा अभिमान, की सुट्टीचा दिवस खर्ची घालून तिच्याबरोबर रानोमाळ जायचा. जोडवी आणि मंगळसूत्र शर्टाच्या खिशात, खिशावर हात, आणि लांब बांधावर मांडी घालून स्वारी बसलेली. लोक म्हणायचे, पाहा, स्वतःचाच जीव खिशात धरून बसलाय.

मसाल्याच्या कंपनीत धनश्री नावाची मुलगी होती. पाटसची, धनगराची. कारेगावात खोली करून राहायची. लग्न ठरलं होतं तिचं. एक दिवस डबा खाताना ती रंगुबाईला म्हणाली, "मावशी, मातीत चाळीस वर्सं पडल्याली चांदी घावती का वो?"

"कसली चांदी?"

"टाक. आमच्या खंडोबाचा."

टाक म्हणजे देव्हाऱ्यातला देवाचा चांदीचा पत्रा. दोन बोटांएवढा, त्यावर घोड्यावर बसलेला देव. धनश्रीची आजी सखूबाई नवी नवरी होती तेव्हा घर अजून मेंढरांमागं फिरत होतं. जाता-येता पाटसच्या वरच्या माळावर मुक्काम असायचा. देव पिशवीत, पिशवी सखूबाईच्या ताब्यात. एकदा मुक्काम हलला, पुढच्या गावाला पिशवी उघडली, बाकीचे देव होते, खंडोबा नव्हता. थोरला दीर मल्हार म्हणाला, हिनं माहेरी पोचवला. झालं. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, पत्र्याचं घर गेलं, स्लॅबचं आलं, नवरा भैरूही वारला. तो शिक्का मात्र जागचा हलला नाही. त्या दिवसापासून सखूबाईनं देव्हाऱ्याला हात लावायचा नाही आणि तिच्या हातचा नैवेद्य देवाला जायचा नाही. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं, नैवेद्याचं ताट तिच्यासमोरून दुसऱ्या कुणीतरी उचलायचं.

आता तो माळ प्लॉटिंगला विकला गेला होता. मुरूम उकरायला दुसऱ्या दिवशी जेसीबी लागणार होता. घरात धनश्रीचं लग्न, म्हणजे देवाचं कार्य आलंच, आणि त्यात सखूबाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. "आज्जी बोलत न्हाई मावशी, पर माळाकडं बघत बसती," धनश्री म्हणाली.

रंगुबाईनं डब्याचं झाकण लावलं. "उंद्याची रजा टाकते. न्हाई, उंद्या कशाला, आजच निघू. शिफ्ट सुटली की."

पुढचं सगळं मला रोहिदासनं सांगितलं. रोहिदास तिखटमीठ लावत नाही, ती खोड माझी. पण इथं लावायची गरजच पडली नाही.

सकाळची शिफ्ट दुपारी सुटली. मशीन गोधडीत गुंडाळून, रोहिदासच्या गाडीवर रंगुबाई मागं, धनश्री मैत्रिणीच्या स्कूटीवर, अशी वरात न्हावऱ्यावरून निघाली. रस्त्यात उसाचे ट्रेलर रांगेनं. भीमेचा पूल ओलांडला, चौफुल्याला चहा प्यायला आणि माळावर पोचले. सखूबाई आधीच येऊन उभी. बारीक, काळी, ताठ. आणि थोड्या वेळानं नातवाच्या गाडीवरून मल्हारआबाही हजर. डोक्याला फेटा, हातात काठी, कानात ऐकू येण्याचं नवं मशीन. कुणी बोलावलं नव्हतं. पण टाक सापडतोय म्हटल्यावर, नव्हे, टाक सापडणार नाही हे बघायला ते आले होते.

रंगुबाई दगडावर बसली. जोडवी काढली, गळ्यातलं काढलं, रोहिदासच्या हातात दिलं. रोहिदास लांब जाऊन बांधावर बसला, हात खिशावर.

आबांची काठी आपटली. "ए बाई! द्येवाच्या कामाला आलीस आन् लंकेची पार्वती हून? नवरा जित्ता हाय न्हवं?"

"आबा, इचारताय का सांगताय?"

"सांगतुय!"

"मंग सांगा. ऐकतीय."

आबांना हे अपेक्षित नव्हतं. "जोडवी घाल न्हाईतर माळ उतर. अपशकुन लागतो द्येवाला."

रंगुबाई उठली. मशीन गोधडीत पुन्हा गुंडाळायला तिनं हात घातला, आणि रोहिदास बांधावरून उठला, कारण ही बाई विनवण्या करणाऱ्यांतली नाही. गेली असती. तेवढ्यात मागून आवाज आला. सखूबाईनं थोरल्या दिरासमोर आजवर पदर ढळू दिला नव्हता आणि आवाज चढू दिला नव्हता. पदर आत्ताही ढळला नाही.

"आबा, माझ्या पायात बी जोडवी न्हाईत. धनी गेल्यापास्नं न्हाईत. तरी हुबी हाय मी ह्या माळावर. द्येवानं पाय मोडलं का माझं? उंद्या जेसीबी आला, म्हंजी जोडवीवाली आन् बिनजोडवीची, दोघींच्या बी हाताला मुरूमच लागंल. आज तिला चालू द्या."

आबांनी कानातल्या मशीनला बोट लावलं, नीट ऐकलं का ते तपासायला. मशीन कुईं करून ओरडलं. ते काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले.

रंगुबाईनं सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावून बांधावर ठेवायला लावले. मग मोकळ्या मुरमात उभी राहून तिनं चकती गुडघ्यापर्यंत वर, पुन्हा खाली, वर, खाली, असं सुरू केलं. माती जुळवत होती. आबांना वाटलं, ही भूमीला ओवाळतेय. एवढा तापट माणूस, पण ओवाळणी दिसल्यावर राहवतं का? त्यांनी काठी काखेत धरून हात जोडले. धनश्रीनं तोंडात ओढणी कोंबली.

"मुक्काम कुठं हुता, आबा?" रंगुबाईनं मोठ्याकडून सुरुवात केली.

"त्या लिंबाखाली. मला काय इसरायला झालंय?"

लिंबाखाली गेली. पट्ट्यापट्ट्यानं चकती फिरवत गेली. सापडली बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या चंदेरी पुड्या, नांगराच्या फाळाचं टोक. प्रत्येक वेळी खुरप्यानं उकरायचं, प्रत्येक वेळी सखूबाईनं पुढं वाकायचं, प्रत्येक वेळी मागं सरायचं. आबांचा चेहरा हळूहळू खुलायला लागला.

"आगं, बारीक लावलंयस तू त्ये! गेन का फिन, वाढीव की. टॅक्टरवर टेप लावताना कुणी आसा मुका लावतं का?"

झालं, नाकपुड्या फुगल्या. रंगुबाई आबांसमोर येऊन उभी राहिली. "आबा, कानातलं मशीन फुल करा बरं."

"का?"

"करा तर."

आबांनी केलं. धनश्रीनं बांधावर पाण्याची बाटली खाली ठेवली. आबा दचकले. लांब रस्त्यावर ट्रेलरनं हॉर्न दिला, आबांनी डोळे मिटले. वारा आला तसा कानात सूं सूं, वर मशीनची स्वतःची शिट्टी.

"आता मी काय म्हणतीय ते सांगा," रंगुबाई हळू बोलली.

"काय? ए, काय? बाकीचंच बोंबलतंय समदं!"

"कमी करा."

आबांनी कमी केलं. रंगुबाई तेवढ्याच हळू म्हणाली, "आता आलं का ऐकू?"

आबांनी तिच्याकडं बघितलं. "आलं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी 'वाढव' हा शब्द तोंडातून काढला नाही.

लिंबाखालची जागा संपली. ऊन कलायला लागलं होतं. रंगुबाई सखूबाईकडं वळली. "आज्जी, तुम्ही सांगा. मुक्काम कुठं हुता?"

रोहिदास सांगतो, सखूबाईनं आधी पदर सारखा केला. इतक्या वर्षांत तिला लोकांनी पुष्कळ सांगितलं होतं. विचारलं कुणी नव्हतं.

"बोरीच्या अंगाला," ती म्हणाली. "बोर आता न्हाई ऱ्हायली. पर उतारावर हुती. आम्ही जाता-येता हितंच उतरायचो, त्याच तीन दगडांवर चूल मांडायचो. दरसाल."

"हॅ! बोर!" आबा म्हणाले. पण हळू.

रंगुबाई उताराला लागली. जरा वेळानं एक गंजकी वाकडी पट्टी निघाली. आबांनी ती हातात घेतली, उलटी केली, अंगठ्यानं माती पुसली. घोडीचा नाल. बिऱ्हाड लादायच्या घोडीचा. आबांनी तो परत दिला नाही, हातातच धरून ठेवला. आणि पुढं चार-पाच पावलांवर मशीन एकाएकी बेभान झालं. हेडफोनमधून बाहेरच्यांनाही ऐकू येईल असा कलकलाट. इकडं वाजतंय, तिकडं वाजतंय, चकती खाली नेली की गर्जतंय.

"बिघडलं काय गं?" रोहिदास बांधावरून ओरडला.

"द्येवाचा कोप," आबा म्हणाले.

सखूबाईनं डोळे मिटून घेतले होते.

रंगुबाई खाली बसली. खुरप्यानं वरचा थर सारला, आतली चिमूटभर माती तळहातावर घेतली, चुरडली. वरचा मुरूम फिका, ही माती तांबूस काळी, विटेच्या भुग्यासारखी. तिच्या तोंडावर जे आलं त्याला रोहिदास 'कंपनीतलं हसू' म्हणतो. खारी चटणी ओळखल्यावर यायचं ते.

"बिघडलं न्हाई. ही माती भाजल्याली हाय. मुरमाशी जुळवलंय मी मशीन. भाजल्याली माती आल्यागेल्या मातीवानी बोलत न्हाई, तिचा आवाजच येगळा. कुणीतरी हितं लई दिस जाळ केलाय."

"चूल," सखूबाई म्हणाली. "माझी चूल."

आबांनी मागं लिंबाकडं पाहिलं. मुक्काम लिंबाखाली नव्हता, एवढं तर मातीच सांगत होती.

रंगुबाईनं आता त्या भाजलेल्या मातीवरच चकती धरली. वर, खाली. वर, खाली. बटण केसभर इकडं, केसभर तिकडं. गर्जना उतरत गेली, गुणगुण झाली, गुणगुण सपाट झाली. मग गेन आणखी उतरवला. मशीन इतकं गप्प झालं की धनश्रीला वाटलं, सेल संपले. तिनं चकती चुलीच्या मधून कडेकडे नेली. काही नाही. परत आणली. काही नाही. तिसऱ्या खेपेला, एकच आवाज. स्वच्छ. देवळातली लहान घंटा दुसऱ्या गल्लीतून ऐकू यावी तसा. चकती आडवी फिरवून पाहिली, पुन्हा तिथंच, तेवढाच.

रंगुबाई उकरायला लागली नाही. खुरपं तिनं सखूबाईच्या हातात दिलं. "आज्जी, तुम्ही."

चार बोटं खोल गेल्यावर एक काळी कपची निघाली. कोळशाचा तुकडा म्हणून कुणी फेकून दिली असती. सखूबाईनं ती पदरात धरून अंगठ्यानं चोळली. चोळता चोळता आधी घोड्याचे पाय उजळले, मग घोडा, मग वरचा देव.

कुणी ओरडलं नाही, कुणी येळकोट म्हटलं नाही. कारण प्रत्येकजण एकाच गोष्टीचा हिशेब लावत होता. मुक्काम हलवताना त्या घरात चूल विझवून वर माती लोटायची, ठिणगी वाऱ्यानं गवतात जाऊ नये म्हणून. ते काम घरातल्या थोरल्या गड्याचं. आदल्या रात्री सखूबाईनं देवाची पिशवी चुलीजवळच्या दगडावर ठेवली असेल, ऊब राहावी म्हणून. पिशवीचा बंद सैल झाला असेल. टाक घरंगळून राखेत गेला असेल. आणि सकाळी ज्या पायानं त्यावर माती ओढली, तो पाय आत्ता तिथंच, काठीशेजारी उभा होता.

आबांनाही उमगलं. त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि खिशात ठेवलं. म्हणजे आता कुणी काही म्हटलं तरी ऐकू यायला नको. पण कुणी काही म्हटलंच नाही. सखूबाई तर अजिबात नाही, ती घोड्याचा कान पुसत होती. मग आबांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडून वाकले. नमस्कार टाकाला होता की सखूबाईला, हे मी ठरवणार नाही. दोघं एकाच ओळीत होते.

"तुझ्या हातानं घरी न्ये, सखू," आबा म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळं जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, सगळ्या माळाला ऐकू गेलं. "आन् निवद बी तूच दाव. आजपास्नं."

येताना रोहिदासनं गाडी हळू चालवली. म्हणतो, मागं बसलेली बायको जड लागत होती. अभिमानानं माणूस जड होतो का हो, मला विचारतो. मी म्हटलं, बाबा, तू हलका झालायस म्हणून तुला तसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला आणि संध्याकाळपर्यंत माळ राहिला नाही. धनश्रीचं लग्न थाटात झालं. नैवेद्याचं ताट सखूबाईनं उचललं, आणि आबांनी स्वतः सरकून वाट करून दिली म्हणे.

लग्न आटोपल्यावर सखूबाई खण-नारळ घेऊन कारेगावला आली, रंगुबाईची ओटी भरायला. ओट्यावर ओटी भरायची म्हटल्यावर समोरच्या कुशाबाईचं काम कसं निघणार नाही? ती आली, तांदूळ निवडायला सूप घेऊन बसली. सुपात तांदूळ नव्हते. मीही होतो. मी काय, कुठंही असतो.

ओटी भरून झाली. रोहिदास चहा घेऊन आला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. कुशाबाईनं हळूच च्यक केलं. सखूबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग रंगुबाईच्या पायाकडं पाहिलं. जोडवी जागच्या जागी होती.

"पोरी, येक बोलू? सांगत न्हाई. इचारतीय."

रंगुबाई बशी खाली ठेवून नीट बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "इचारा की, आज्जी."

"जोडवी का काढतीस?"

कुशाबाईचं सूप थांबलं.

जोडवी चांदीची आहेत. चकती पायाजवळून जाते तेव्हा मशीन त्यांना वाजतं. गळ्यातलं वाकल्यावर खाली लोंबतं, त्यालाही वाजतं. म्हणून रंगुबाई दोन्ही काढून ठेवते. रोहिदासला थायरॉईड आहे, माणूस वाळवणारा. गोळी चालू आहे.